जनरल रजिस्टर आणि संकेतस्थळ

दोन वर्षांपूर्वी, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा मला दूरध्वनी आला. ती आता दूरच्या शहरात परिचारिका आहे. तिचे वडील नुकतेच गेले होते आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवण्यासाठी तिला त्यांचे एक छायाचित्र हवे होते. वडिलांचे सारे आयुष्य ऊसतोडीत गेले. वर्षातले अर्धे महिने बिऱ्हाड पाठीवर. लग्नकार्यात कोणी टिपलेला एखादा फोटो असलाच, तर तो कुठल्या तरी कोपीत भिजून गेला असावा. आधार कार्डावर एक चेहरा होता, पण लेक म्हणाली, “दादा, त्यात ते त्यांच्यासारखे दिसतच नाहीत.”

तिला नेमके एक छायाचित्र आठवत होते. २००९ सालच्या पालक मेळाव्यात तिला वक्तृत्वाचे पहिले पारितोषिक मिळाले, तेव्हा वडील तिच्या शेजारी उभे होते. डोक्याला पांढरा फेटा, हातात लेकीचे प्रमाणपत्र. ते छायाचित्र शाळेच्या संकेतस्थळावर होते. कॉलेजात असताना ती सायबर कॅफेत जाऊन ते पाहत असे. आपल्यापाशी उतरवून घ्यावे, असे तिला कधी वाटले नाही. कारण ते ‘तिथे’ होतेच, शाळेपाशी होते. आता तो पत्ता टाकला की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात उघडत होती.

मी ग्रंथालयाच्या नोकरीत आयुष्य घालवलेला माणूस. म्हणून तिने मला विचारले. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ नावाची एक ना-नफा संस्था १९९६ पासून जगभरातील संकेतस्थळांच्या प्रती साठवते, आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’ या सोयीने त्या कोणालाही पाहता येतात. तेथे आपल्या शाळेचे ते पान सापडले. पालक मेळाव्याचा मथळा होता, वृत्तांत होता, आणि छायाचित्राखालची ओळही होती: मुलीचे नाव, वडिलांचे नाव, गावाचे नाव. छायाचित्राच्या जागी मात्र रिकामी चौकट होती. यंत्राने अक्षरे उचलली होती, चित्र उचलले नव्हते.

त्या रिकाम्या चौकटीमुळे हा लेख लिहीत आहे.

शाळेच्या कार्यालयात, लिपिकाच्या टेबलामागे, एक हिरवे लोखंडी कपाट आहे. त्यात जनरल रजिस्टर असते. आपल्यापैकी प्रत्येकाचे नाव त्यात एका ओळीत आहे: नोंद क्रमांक, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख व कारण. आपल्यातील निम्म्यांची जन्मतारीख १ जून आहे, याचा आपण संमेलनात विनोद करतो. त्या विनोदाच्या पोटात केवढे सत्य आहे, हे मात्र आपण क्वचितच बोलून दाखवतो. आपल्या घरांमध्ये कागद नव्हते. आईला पाऊस आठवत होता, पोळा आठवत होता, दुष्काळ आठवत होता. तारीख आठवत नव्हती. म्हणून गुरुजींनी १ जून लिहिले, आणि शासनदरबारी आपला जन्म त्या दिवशी झाला.

ते रजिस्टर कधी निकाली काढत नाहीत. बाकीचे दप्तर ठरावीक वर्षांनी नष्ट करता येते. जनरल रजिस्टर कायम ठेवायचे असते. त्याचे कारण प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. जात पडताळणी समितीपुढे उभे राहिल्यावर आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या शाळेतील एका ओळीच्या उताऱ्याला काय वजन असते, हे ज्याने अनुभवले त्यालाच विचारावे. अनुसूचित जातीच्या दाव्यात १० ऑगस्ट १९५० च्या आधीची एखादी नोंद मिळाली, तर घरात सण होतो. कोण्या एका खेड्यातल्या, पगार वेळेवर न मिळणाऱ्या मास्तरांनी बोरूने किंवा टाकाने लिहिलेली ती ओळ सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी नातवाला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवून देते. ते मास्तर ‘जतन’ हा शब्द उच्चारत नव्हते. त्यांना फक्त ठाऊक होते की हे कागद शाळेचे आहेत, आपले नव्हेत, आणि बदली झाली की यादी करून ते पुढच्याच्या हवाली करायचे आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे की शाळेचे संकेतस्थळ हेही शाळेचे दप्तर आहे. ते लोखंडी कपाटातील दप्तराच्या रांगेत कधी बसलेच नाही, आणि म्हणून ते हरवले.

ते कसे हरवले, हे सांगताना कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. पहिले संकेतस्थळ आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने रात्री जागून, पदरचे पैसे घालून उभारले. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव. ते त्याने स्वतःच्या नावावर घेतले, नोंदणीसाठी स्वतःचा ईमेल दिला, पैसे स्वतःच्या कार्डावरून भरले. त्या वेळी संस्थेचा ईमेल पत्ता अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. पुढे तो परदेशी गेला. कार्डाची मुदत संपली. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि तो ईमेल तो उघडत नव्हता. डोमेन कायमचे विकत मिळत नसते. ते भाडेपट्ट्याने मिळते, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. पट्ट्याची मुदत संपली की काही आठवड्यांची सवलत असते. त्यानंतर ते नाव बाजारात मोकळे होते आणि ज्याला हवे त्याने घ्यावे. शाळेचे नाव चांगले रुळलेले, अनेक ठिकाणी छापलेले. जाहिरातवाल्यांना अशीच नावे हवी असतात. निमंत्रणपत्रिकांवर, जुन्या स्मरणिकांवर, प्रमाणपत्रांच्या तळाशी आजही तोच पत्ता आहे. दहावीचे एखादे पोर कुतूहलाने तो टाकते आणि जुगाराच्या दारात जाऊन उभे राहते.

संस्थेच्या कार्यवृत्त पुस्तकात मी शोधले. संकेतस्थळ सुरू केल्याबद्दल त्या विद्यार्थ्याच्या अभिनंदनाचा ठराव आहे. ते कोणाच्या नावावर असावे, नूतनीकरण कोणी करावे, याचा ठराव नाही. इमारतीच्या सातबाऱ्यावर एखाद्या शिक्षकाचे वैयक्तिक नाव लागलेले आपण एक दिवस तरी चालू दिले असते का?

या बाबतीत आपण एकटेच गाफील राहिलो, असेही नाही. वर्ल्ड वाइड वेब जिथे जन्मले त्या जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेने आपले पहिले पान त्याच्या पहिल्या रूपात जपून ठेवले नव्हते. २०१३ मध्ये ते पुन्हा उभे करण्यासाठी तेथे वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. अमेरिकेतील ‘प्यू रिसर्च सेंटर’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. कागदाला दहा वर्षे म्हणजे काहीच नाही. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकडीची हजेरीपत्रके आजही वाचता येतात. कोपरे कसरीने खाल्ले आहेत, एवढेच.

अलीकडे कोणी म्हणतो, संकेतस्थळ गेले तर गेले, आता सगळे फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या गटात आहे. हा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो. २००५ ते २०१० या काळात महाविद्यालयात असलेल्या मित्रांनी ऑर्कुट आठवावे. माजी विद्यार्थ्यांचा आपला पहिला मेळ तिथेच जमला होता. हरवलेले मित्र तिथे सापडले, वसतिगृहातील आठवणींचे फड तिथे रंगले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. याहू ग्रुप्सवरील जुने संदेश आणि फायली काढून टाकल्या गेल्या आणि २०२० च्या डिसेंबरात ती सेवाच संपली. गूगलने आता दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण स्वीकारले आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या खात्यात असतील आणि सर वयोमानाने ते खाते उघडत नसतील, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. या कंपन्यांनी आपली फसवणूक केली, असे मी म्हणत नाही. त्यांनी आपल्याला ओसरीवर बसू दिले. ओसरी त्यांची होती, आणि आपण तिथे आपले धान्य साठवले.

संस्थेच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांपाशी मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ते म्हणाले, “मुलींच्या वसतिगृहातल्या स्नानगृहांची दारे मोडली आहेत. आणि तुम्ही मला जुने फोटो सांगता.” त्यांचे बरोबर आहे. दारे आधी. मात्र एका गोष्टीत त्यांची समजूत चुकीची होती: त्यांना वाटत होते की मी मोठा खर्च मागतो आहे. डोमेनचा दहा वर्षांचा पट्टा आणि दोन बाह्य हार्ड डिस्क, एवढ्यासाठी जो खर्च येतो तो आपण एका संमेलनाच्या मंडपावर करतो त्याहून कमी आहे. महाग आहे ती सवय. दरवर्षी कोणीतरी आठवणीने करायचे काम, ज्याचे फळ करणाऱ्याला दिसणार नाही, असे काम संस्थांना नेहमीच जड जाते.

आणि ‘जुने फोटो’ ही काय चीज आहे, याचाही विचार व्हावा. ज्यांच्या वाड्यांत तैलचित्रे आहेत, ज्यांच्या घराण्यांच्या बखरी आहेत, त्यांच्या शाळेचे संकेतस्थळ बुडाले तर त्यांचे फारसे बिघडत नाही. आपल्या बाबतीत शाळेचे छायाचित्र हे पुष्कळदा घराण्याचे पहिले छायाचित्र असते. शाळेच्या वार्षिक अंकातील निबंध हे त्या घरातील पहिले छापील लेखन असते. बापाचा अंगठा आणि लेकीचे वक्तृत्व यांच्यामधील अंतर जिथे नोंदले गेले, अशी दुसरी जागा नाही.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांमध्ये बंद होते, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या ‘लेखन आणि भाषणां’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि वसंत मून यांनी संपादक म्हणून त्या कागदांना आपले आयुष्य दिले. आज आपण ज्या खंडांतून सहजपणे उतारे देतो, ते खंड होण्याआधी मधली वीस-बावीस वर्षे ते कागद ओल, वाळवी आणि अनास्था यांच्या दयेवर होते. कागद होते म्हणून ते वाचले, हेही ध्यानात घ्यावे. पेटीत बंद पडलेला कागद वीस वर्षे वाट पाहतो. नूतनीकरण चुकलेले संकेतस्थळ वीस आठवडेही वाट पाहत नाही.

टिकणे आणि वाचता येणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या परंपरेत याचे फार मोठे उदाहरण आहे. सम्राट अशोकाने धम्मलेख शिळांवर आणि स्तंभांवर कोरले ते दीर्घकाळ राहावेत म्हणून. तसा हेतू त्याने दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात स्वतःच सांगून ठेवला आहे. दगड टिकला. तेवढ्यावर भागले मात्र नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो स्तंभ टोपऱ्याहून दिल्लीला आणवला, तेव्हा त्यावरील अक्षरे लावून देणारा कोणी उरला नव्हता. शतकानुशतके लोक त्या अक्षरांसमोर उभे राहिले आणि निघून गेले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा तो दगड पुन्हा बोलू लागला. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि तो ओळखता आला, तो त्या उलगड्यामुळेच.

आपल्या संकेतस्थळाची ब्राह्मी फार लवकर झाली. सुरुवातीची मराठी पाने त्या काळच्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ‘क’ हा ‘क’ नसतो. रोमन चिन्हांवर मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असतो. तो विशिष्ट फॉन्ट संगणकात असेल तोवर मराठी दिसते. तो नसेल तर पडद्यावर कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांची खिचडी उरते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्वतंत्र स्थान आहे. तरीही आपल्याकडे छापखाने, शाळा आणि शासकीय कार्यालये पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टमध्ये लिहीत राहिली. वेबॅक मशीनमध्ये सापडलेल्या आपल्या पानांपैकी निम्मी अशी आहेत. ती अक्षरशः लिप्यंतर करून वाचावी लागतात. ‘लेझीम पथकास जिल्ह्यात प्रथम क्रमांक’ एवढी एक ओळ लावायला मला एक संध्याकाळ लागली. पुढे रूपांतराची सॉफ्टवेअरे मिळाली, काम सोपे झाले; परंतु जोडाक्षरे आणि रफार तपासायला डोळेच लागतात. ‘फ्लॅश’ या तंत्रात केलेली एक चित्रफीत होती, मुलांनी काढलेल्या चित्रांची. त्या तंत्राचा आधार २०२० च्या अखेरीस काढून घेतला गेला. ती अजून मला उघडता आलेली नाही.

तेव्हा जे ठेवायचे ते साध्यात साध्या रूपात ठेवावे, असे माझे मत झाले आहे. मजकूर युनिकोडमध्ये. छापील स्वरूपाच्या गोष्टी पीडीएफच्या अर्काइव्हसाठीच ठरवलेल्या प्रकारात. त्याला ‘पीडीएफ-ए’ म्हणतात आणि त्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००५ पासून आहे. त्यात फॉन्ट फाइलच्या पोटातच असतो, त्यामुळे मुखवटा हरवण्याची भीती नाही. आणि संकेतस्थळ? हल्लीची संकेतस्थळे दिसायला साधी असली तरी आतून यंत्रशाळा असतात. त्यांना दर महिन्याला दुरुस्ती लागते, न केल्यास कोणी घुसून नासधूस करतो. म्हणून दरवर्षी एकदा त्याची स्थिर प्रत काढावी, म्हणजे नुसती साधी एचटीएमएल पाने आणि चित्रे. तीस वर्षांपूर्वीचे साधे एचटीएमएल पान आजही कुठल्याही संगणकावर उघडते. त्या क्षेत्रातील इतके दीर्घायुषी रूप दुसरे मला माहीत नाही.

प्रती किती असाव्यात, यावर एक ठोकताळा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. आपल्याला हे कोणी शिकवायला नको. भारतात नाहीसे झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज तिबेटी आणि चिनी अनुवादांतून मिळतात, ते केवळ त्यांच्या प्रती दूरदूरच्या विहारांत गेल्या होत्या म्हणून. एक प्रत शाळेत असावी, एक संस्थेच्या मुख्य कार्यालयात, आणि एक अशा माजी विद्यार्थ्याकडे जो दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. परदेशी असला तर अधिकच चांगले. त्या हार्ड डिस्क नुसत्या कपाटात ठेवून मात्र चालत नाही. वर्षातून एकदा त्या जोडून, उघडून, दहा-वीस फायली पाहाव्या लागतात, आणि पाच-सात वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर हलवावे लागते. पूर्वी ग्रंथ उन्हात ठेवून झटकत असत. त्यातलाच प्रकार समजावा.

इंटरनेट अर्काइव्ह आहेच की, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारेही भेटतात. त्या संस्थेचे उपकार मोठे आहेत. महत्त्वाचे पान आपण होऊन तिच्याकडे जमा करण्याची सोयही तिने ठेवली आहे आणि ती आपण जरूर वापरावी. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरात तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि ती काही दिवस बंद होती. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, खुद्द ब्रिटिश लायब्ररीवर असाच हल्ला झाला आणि तिने जपलेली ब्रिटनमधील संकेतस्थळे दीर्घकाळ वाचकांना मिळेनाशी झाली. ब्रिटनमध्ये २०१३ पासून देशातील संकेतस्थळे गोळा करण्याचा ग्रंथालयांना कायद्याने अधिकार आहे, तरीही ही अवस्था. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ग्रंथालयांकडे पाठवायच्या असतात. तो कायदा पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी आहे. शाळेच्या संकेतस्थळासाठी दिल्लीहून कोणी येणार नाही. (या स्मरणिकेच्या प्रती त्या ग्रंथालयांकडे जातील, याची संपादक मंडळाने कृपया दक्षता घ्यावी. मागील स्मरणिका गेली नव्हती.)

आता एक नाजूक बाब. सगळे जपावे, याचा अर्थ सगळे दाखवावे असा होत नाही. आपल्या दुसऱ्या संकेतस्थळावर एका वर्षी शिष्यवृत्तीधारकांची यादी टाकली होती: नाव, जात, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न. देणगीदारांना हिशेब दिसावा, हा हेतू शुद्ध होता. त्यातला एक मुलगा पुढे अभियंता झाला. त्याचे नाव शोधले की सर्वांत आधी ती यादी निघते, आणि कंपनीतील सहकाऱ्यांनी ती शोधून काढली. त्यांनी काही वावगे केले नाही. नुसते पाहिले आणि मग त्याच्याशी थोडे वेगळे वागू लागले. ही हकीकत त्याने मला सांगितली तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. रागच असता तर मला बरे वाटले असते. अनवाणी मुलांना वह्या वाटतानाची छायाचित्रेही अशीच. वाटणारे पाहुणे कॅमेऱ्याकडे पाहतात, मुले जमिनीकडे.

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. कायद्याचे तर पाळूच. पण कायदा नसता तरी शहाणपण हेच सांगते की कपाट आणि फलक यांत फरक करावा. जनरल रजिस्टर आपण कायम ठेवतो, म्हणून ते फाटकावर टांगत नाही. उतारा हवा असेल तर ज्याचा त्याने अर्ज करून न्यावा. त्याच न्यायाने, मुलांची नावे व घरची परिस्थिती असलेली पाने जतन प्रतीत राहू द्यावीत आणि जगासमोरून काढावीत. एखाद्या माजी विद्यार्थ्याने ‘माझे हे काढा’ म्हटले तर कारण न विचारता काढावे. ‘माझे हे मला द्या’ म्हटले तर शोधून द्यावे. दोन्ही अधिकार त्याचे आहेत. काहींना माझा हा विचार पटणार नाही. इतिहास झाकू नये, आपली गरिबी ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, असे ते म्हणतील. खरे आहे; परंतु कोणाची गरिबी कोणी कधी सांगावी, हे ठरवण्याचा हक्क त्या वेळी दहा वर्षांच्या असलेल्या मुलाला मिळाला नव्हता, तो आता मिळावा.

हे सगळे करायचे कोणी? संगणक शिक्षकांनी, असे लगेच उत्तर येते. मला ते मान्य नाही. संगणक शिक्षक कंत्राटी असतात, दोन-तीन वर्षांत बदलतात; त्यांच्या ओळखीने घेतलेले संकेतशब्द त्यांच्याबरोबर जातात. हे काम पदाला चिकटले पाहिजे, माणसाला नव्हे. संकेतस्थळ, त्याचे डोमेन आणि त्याच्या प्रती यांची नोंद कार्यालयाच्या दप्तर सूचीत व्हावी. डोमेन संस्थेच्या नोंदणीकृत नावावर असावे, संपर्कासाठी संस्थेचा ईमेल असावा, आणि संकेतशब्द एका लखोट्यात मोहोरबंद करून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत. लिपिक बदलले की जनरल रजिस्टर, शिक्के, धनादेश पुस्तके यांच्याबरोबर तो लखोटाही यादीवर सही करून हवाली व्हावा. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर, लेखापरीक्षण अहवालाच्या खाली, एक ओळ असावी: ‘संकेतस्थळ व डिजिटल दप्तराची स्थिती’. सचिवांनी उभे राहून दोन वाक्ये सांगावीत. पट्टा केव्हा संपतो, आणि यंदा हार्ड डिस्क उघडून पाहिली की नाही. बस्स.

यातील काही घडू लागले आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच माजी विद्यार्थी शाळेत चार दिवस राहिलो. वेबॅक मशीनमधून पहिल्या संकेतस्थळाची जेवढी पाने सापडली तेवढी उतरवून घेतली, जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली. भोजनगृहातल्या लांब टेबलावर तीन संगणक मांडले होते. आठवीतल्या मुली मागे उभ्या राहून पाहत होत्या आणि आमच्यापेक्षा भराभर रफार दुरुस्त करत होत्या. त्यांच्यातल्या एकीला तिच्या आईचे नाव सापडले, २००७ सालच्या रांगोळी स्पर्धेत, उत्तेजनार्थ. ती सगळ्या वसतिगृहाला सांगत फिरली.

पालक मेळाव्याचे छायाचित्र अजून मिळालेले नाही. त्या दिवशी छायाचित्रे शाळेच्या कॅमेऱ्याने घेतली गेली आणि त्यांच्या काही सीडी करून शिक्षकांना व वर्गप्रतिनिधींना वाटल्या होत्या, असे तेव्हाच्या अधीक्षकांना आठवते. एक सीडी आम्हाला मिळाली. तिचा थर निघाला आहे आणि ती वाचली जात नाही. दुसरी कोणाकडे तरी असेल. बदलीच्या गावी ट्रंकेत, पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यात, एखाद्या जुन्या संगणकाच्या खणात. पांढऱ्या कागदी पाकिटावर निळ्या शाईने ‘पालक मेळावा, जानेवारी २००९’ असे लिहिलेले असेल. सापडल्यास ती स्वतः उघडण्याचा फार प्रयत्न करू नये, पुसू नये. आहे तशी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी किंवा टपालाने पाठवावी. कार्यालय रविवार वगळता रोज अकरा ते पाच उघडे असते.